यूए १३+, यूए १६+ आणि ‘ए’: हिंसाचाराची प्रतवारी नेमकी कशावरून होते?

वैदेही

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याचे मित्र आपापल्या घरच्यांबरोबर एक हाणामारीचा हिंदी चित्रपट पाहायला जाणार आहेत आणि त्यालाही जायचे आहे. चित्रपटाला यूए १६+ प्रमाणपत्र आहे. आईवडील सोबत असले की कोणत्याही वयाच्या मुलाला आत सोडतात, असे शेजारचे काका सांगतात. माझ्या नणंदेच्या मते सोळा म्हणजे सोळा, दारातूनच परत पाठवतात. यातले खरे काय?

दुसरा प्रश्न मोबाइलवरच्या गेमचा. त्याला हव्या असलेल्या एका गेमवरही १६+ असेच लिहिले आहे. त्या गेममध्ये माणसे एकामागून एक मारली जातात, पण ती नुसती नाहीशी होतात. चित्रपटांत मात्र कधी एकच खून असतो आणि तो पाहवत नाही. मग दोन्हींवर आकडा एकच कसा? तो ठरवतो कोण? बंदी असावी की नसावी या वादात मला शिरायचे नाही. आकड्याचा अर्थ कळला, तर निर्णय माझा मी घेईन.

जुना प्रेक्षक

कायद्यापुरते तुमचे शेजारी बरोबर आहेत. १९८३ पासून आपल्याकडे ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ आणि विशिष्ट व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ असे चार वर्ग होते आणि ‘यूए’चा अर्थ बारा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांनी विचार करावा, एवढाच होता. सात वर्षांचे मूल आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच पिशवीत, अशी ती व्यवस्था होती. श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये ‘यूए’चे वयानुसार भाग पाडण्याची शिफारस केली, २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने आणि त्यामागून आलेल्या २०२४ च्या नियमांनी यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन टप्पे प्रत्यक्षात आणले.

मात्र याच दुरुस्तीत असेही स्पष्ट म्हटले आहे की, ‘यूए’पुढचा वयाचा आकडा पालकांच्या विचारार्थ आहे आणि पालकांखेरीज इतर कोणी त्याची अंमलबजावणी करायची नाही. म्हणजे डोअरकीपरला तुमच्या मुलाला अडवण्याचा अधिकार त्या आकड्यातून मिळत नाही. ‘ए’ची गोष्ट वेगळी. तिथे अठरा पूर्ण नसलेल्याला आत सोडणे हा चित्रपटगृहाचा गुन्हा ठरतो, मग शेजारच्या खुर्चीवर आईवडील बसलेले असोत वा नसोत. तुमच्या नणंदेच्या मनात बहुधा हाच नियम असावा.

थोडक्यात, आपल्याकडे बंधनकारक रेघ एकच आहे आणि ती अठराला आहे. त्याखालचे सगळे आकडे म्हणजे सल्ला.

कटलिस्ट

मी संकलनाच्या कामात आहे, म्हणून ‘कशावरून’ या भागाबद्दल लिहितो.

चित्रपटांना प्रमाणपत्र देणारे मंडळ (सेन्सॉर बोर्ड) ज्या मार्गदर्शक तत्त्वांवर चालते, ती १९९१ ची आहेत. हिंसेचे उदात्तीकरण किंवा समर्थन होऊ नये. निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी हिंसा, क्रौर्य आणि भयानकता, केवळ करमणुकीसाठी रंगवलेली हिंसा आणि माणसाची संवेदना बोथट करणारी दृश्ये दाखवू नयेत. मुलांना हिंसेचे बळी, कर्ते किंवा जबरीचे साक्षीदार म्हणून दाखवण्याबाबत खबरदारी घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. ‘करमणुकीसाठीची हिंसा नको’ हे वाक्य शब्दशः लागू केले, तर दर शुक्रवारी लागणारे निम्मे चित्रपट पडद्यावर येणार नाहीत. तसे होत नाही, कारण चित्रपट संपूर्णपणे पाहून त्याच्या एकंदर परिणामावरून निर्णय घ्यावा, असेही हीच तत्त्वे सांगतात.

प्रत्यक्षात मग घासाघीस होते. निर्मात्याला ‘ए’ नको असतो, कारण ‘ए’ म्हणजे कुटुंबासह येणारा प्रेक्षक गेला आणि पुन्हा काटछाट करून नवे प्रमाणपत्र मिळवल्याशिवाय दूरचित्रवाणीचा रस्ताही बंद झाला. त्यामुळे अमुक वार निम्म्याने कमी करा, तमुक ठिकाणचे रक्त धूसर करा, तुटलेला हात दाखवू नका, अशा सूचना आल्या की आम्ही फ्रेम मोजत बसतो आणि दृश्य ‘यूए’च्या मापात बसवतो. माझी तक्रार मंडळाविषयी नसून या मापाविषयी आहे. नायकाने चाळीस माणसे लोळवली आणि त्यांतल्या एकाच्याही घरी कोणी रडले नाही, तर ते दृश्य सहज खपते. एकाच माणसाचा मृत्यू त्याच्या वेदनेसह दाखवला, तर त्याला कात्री लागते. आपण रक्त मोजतो, क्रौर्य मोजत नाही. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांवरील माहितीपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच म्हटले होते की, कात्री लागावी की नाही हे विषयावरून ठरू नये, तो कसा हाताळला आहे यावरून ठरावे. तो खटला हिंसेचा नव्हता, पण निकष इथेही तोच हवा.

चौथा डाव

गेमपुरते सांगतो. भारतात गेमच्या हिंसेची प्रतवारी करणारे सरकारी मंडळ नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा मुख्य भर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर आहे. गूगलच्या दुकानात दिसणारा आकडा एका आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीतून येतो. गेम बनवणारी कंपनीच ती भरते: मारणे आहे का, मारली जाणारी पात्रे माणसासारखी दिसतात का, रक्त दिसते का, इत्यादी. त्या एकाच उत्तरपत्रिकेवरून अमेरिकेला एक, युरोपला दुसरे, ब्राझीलला तिसरे मानांकन आपोआप मिळते, आणि ज्या देशांची स्वतःची पद्धत नाही त्यांना सर्वसाधारण आकडा. ॲपलच्या दुकानाची पद्धत निराळी आहे, त्यामुळे एकाच गेमवर दोन फोनमध्ये दोन वये दिसली तर गोंधळू नका.

युरोपच्या पेगी पद्धतीचे निकष वाचण्यासारखे आहेत. खोटी, बारकावे नसलेली हिंसा सात वर्षांपासून चालते. काल्पनिक प्राण्यांवरची जरा ठळक हिंसा बाराला. प्रत्यक्षासारखी दिसणारी हिंसा सोळाला. आणि अतिरेकी क्रौर्य, विनाकारण हत्या किंवा प्रतिकार करू न शकणाऱ्यावरचे अत्याचार अठराला. शेवटच्या पायरीत रक्ताच्या जोडीला हेतू आणि असहायता यांचाही विचार केलेला दिसतो. कटलिस्ट यांना हवे असलेले माप थोडेफार इथे सापडते.

आपल्याकडे काय झाले, ते पबजीत पाहा. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी मनाई हुकूम काढून तो खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. सप्टेंबर २०२० मध्ये देशभर बंदी आली, पण तिचे कारण हिंसा नव्हते, देशाची सुरक्षितता हे होते. पुढच्या वर्षी तोच गेम भारतीय नावाने परत आला, तेव्हा रक्त हिरवे झाले होते. मधल्या काळात पुन्हा दुकानातून गायब होऊन २०२३ मध्ये आला, तो अल्पवयीनांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊन. मला तासांची मर्यादा हिरव्या रक्तापेक्षा अधिक उपयोगी वाटते. बंदुकीच्या नेमाला रंगाशी काही देणेघेणे नसते.

टेम्सकाठी

मी लंडनजवळ राहतो. इथे ‘१२ए’ चित्रपटाला बारा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसासोबत जाता येते, पण ‘१५’ असेल तर आईवडिलांसोबतही आत सोडत नाहीत. पहिल्या दिवशी हे खटकले होते. आता सोयीचे वाटते, कारण घरातला वाद दारावरच्या माणसावर ढकलता येतो. दुकानात विकल्या जाणाऱ्या गेमलाही २०१२ पासून पेगीचे १२, १६ आणि १८ हे आकडे कायद्याने लागू आहेत.

पण खरा उपयोग होतो तो आकड्याशेजारच्या ओळीचा. ‘तीव्र हिंसा, रक्तरंजित जखमा’ किंवा ‘धमकी, भीती’ असे कारण तिथे दिलेले असते. माझी मुलगी तलवारबाजी मजेत पाहते, पण कोंडून ठेवलेले मूल दाखवले की तिला रात्रभर झोप लागत नाही. तिच्यासाठी आकडा निरुपयोगी आहे, ती ओळ नाही.

जुना प्रेक्षक

ही ओळ आपल्याकडेही आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरच्या मालिका-चित्रपटांना वयोगटाबरोबर आशयाचे वर्णन द्यावे लागते आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय ठेवावी लागते. ते वर्गीकरण मात्र कंपनी स्वतःच करते. जिथे सरकारी समिती बसून संपूर्ण चित्रपट पाहते, त्या थिएटरच्या प्रमाणपत्रावर वय असते, कारण नसते. समितीला कारण माहीत असते, निर्मात्याला लेखी कळवलेले असते, फक्त तिकीट काढणाऱ्याला ते सांगण्याची पद्धत नाही.

वैदेही

सर्वांचे आभार. म्हणजे गेममधल्या सोळाचा अर्थ ‘हिंसा खऱ्यासारखी दिसते’ असा असू शकतो आणि चित्रपटातला सोळा काटछाटीनंतर उरलेला असू शकतो. मग चित्रपटाचे कारण मी शोधायचे तरी कुठे? ट्रेलर पाहून अंदाज येईल का?

कटलिस्ट

ट्रेलरवर विसंबू नका. त्याचे प्रमाणपत्र वेगळे असते आणि ते मिळावे म्हणूनच तो निवडून कापलेला असतो. मंडळाच्या संकेतस्थळावर पूर्वी पुष्कळदा कोणते बदल सांगितले त्याची नोंद मिळायची; काय काढले हे वाचले की काय उरले असेल याचा बराच अंदाज यायचा. आता त्यावर विसंबता येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात ज्यांनी मुलांसह पाहिला त्यांना विचारा. मात्र ‘जास्त रक्त आहे का’ असे विचारू नका. कोणाला मारतात आणि मारणाऱ्यावर टाळ्या पडतात का, हे विचारा.

चौथा डाव

आणि फोनमध्ये प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये पालक नियंत्रण सुरू करून वयोमर्यादा १२+ ठेवा, पिन मुलाला माहीत नसलेला निवडा. आधीपासून फोनवर असलेले गेम त्यामुळे निघून जात नाहीत, ते हातानेच काढावे लागतात.