गुडघेरोपणानंतर फीमोरल ब्लॉक आता थांबवावा का?

भूलतज्ज्ञ, कोल्हापूर
माझं मत स्पष्ट आहे: गुडघा बदलल्यावर फीमोरल ब्लॉक, म्हणजे जांघेत फीमोरल नसेजवळ बधिर करणारं औषध सोडणं, सरसकट देणं बंद व्हावं. दुखणं तो छान थांबवतो, वाद नाही. पण मांडीचा क्वाड्रिसेप्स स्नायू त्याच नसेवर चालतो. पेशंट रात्री बाथरूमला उठतो, पाय लटपटतो आणि नव्या सांध्यावरच पडतो. ॲडक्टर कॅनाल ब्लॉक मांडीच्या मध्यावर, सार्टोरियस स्नायूखाली देतात. तिथवर क्वाड्रिसेप्सच्या बहुतेक फांद्या सुटून गेलेल्या असतात. उरते मुख्यतः संवेदना नेणारी सॅफिनस नस. ताकद बरीचशी टिकते, पेशंट त्याच संध्याकाळी वॉकर धरून उभा राहू शकतो. ऑपरेशननंतरच्या वेदनाशमनावर शिफारशी देणाऱ्या प्रॉस्पेक्ट या तज्ज्ञगटाच्या 2022 च्या शिफारशीही याच ब्लॉकच्या बाजूने आहेत, सोबत सर्जनने सांध्याभोवती औषध टोचायचं.

अस्थिरोग सर्जन, नाशिक
मग टोचणंच पुरे की! सिडनीच्या डॉ. कर आणि डॉ. कोहान यांनी 2008 मध्ये रोपिवाकेन (बधिर करणारं औषध), कीटोरोलॅक (वेदनाशामक) आणि ॲड्रेनालिनचं मिश्रण सांध्याभोवती टोचण्याची पद्धत मांडली. मी सांध्याच्या मागच्या आवरणात कृत्रिम सांधा बसवण्याआधी टोचतो, उरलेलं नंतर. वेगळी सुई नाही, वेगळा वेळ नाही. आणि तुमचा कॅनाल ब्लॉक गुडघ्याच्या मागे नीट पोचत नाही. पेशंट कळ सांगतो ती नेमकी तिथलीच.

भूलतज्ज्ञ, कोल्हापूर
मागच्या दुखण्यासाठी आयपॅक हा ब्लॉक आहे. गुडघ्यामागची पॉप्लिटिअल धमनी आणि सांध्याचं आवरण यांच्यामध्ये सोनोग्राफीत बघून औषध सोडायचं. सर, तुम्ही एकाच वेळी दोन्ही गुडघे बदलता तेव्हाचा हिशेब सांगा. 60 किलोच्या बाईंना किलोमागे 3 मिलीग्रॅम धरलं तर रोपिवाकेन 180 मिलीग्रॅमपर्यंतच. 0.2 टक्क्यांचं द्रावण म्हणजे 90 मिलीलिटर, दोन्ही पायांत मिळून! एवढ्यात दोन्ही गुडघ्यांभोवती भरपूर टोचणं बसत नाही. कॅनालला एका बाजूला 15-20 मिलीलिटर पुरतं. शिवाय मूत्रपिंड कमजोर असेल तर कीटोरोलॅक वगळावंच लागतं.

भूलतज्ज्ञ, तालुक्याचं गाव
आमच्याकडे सोनोग्राफी मशीन ऑपरेशन थिएटरात आणायचं तर आधी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी, मग कागदपत्रं. तोवर माझ्या हातात नर्व्ह स्टिम्युलेटर (हलका विद्युतप्रवाह देऊन नस शोधणारं यंत्र) आहे आणि त्यावर फीमोरल ब्लॉक खात्रीने लागतो. तो बंद केला तर आमच्या पेशंटच्या वाट्याला ट्रॅमाडॉलसारखं अफूवर्गीय वेदनाशामक, मळमळ आणि रात्रभर कण्हणं येईल. मी औषध कमी तीव्रतेचं वापरतो, गुडघ्याला ब्रेस लावतो, नातेवाइकांना बजावतो: एकटं उठवायचं नाही.

फिजिओथेरपिस्ट, पुणे
बजावून पडणं थांबत नाही हो. पेशंटला पाय आपला वाटतो, दुखत नाही, म्हणून तो उठतो. सर्जन डॉक्टरांनाही सांगायचंय: दुसऱ्या दिवशी सकाळी औषध उतरतं आणि नेमकी तेव्हाच माझी पाळी असते. तेव्हा पेशंट गुडघा वाकवूच देत नाही. पॅरासिटॅमॉल आणि सूज उतरवणारी गोळी ब्लॉक उतरायच्या आधीच पोटात हवी. दुखायला लागल्यावर सिस्टरला हाक मारून नव्हे. फाइलवर वेळ घालून लिहा.

अस्थिरोग सर्जन, नाशिक
गोळ्यांचं मान्य, वेळ घालून लिहीन. दोन्ही गुडघ्यांच्या केसमध्ये कॅनाल ब्लॉकही घेईन. एका गुडघ्याला मात्र अजून गरज वाटत नाही.