मदत हवी आहे: जुन्या गाडीचा हॉर्न घोगरा झालाय

मंडळी, १२ व्होल्टच्या जुन्या गाडीचा मूळ हॉर्न बॅटरीला थेट जोडला की खणखणीत वाजतो, पण स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की नुसती घरघर. म्हणजे हॉर्न शाबूत, दोष वाटेत कुठेतरी. रिले (बटणाच्या हलक्या करंटवर हॉर्नचा जड करंट चालू करणारा स्विच) नाहीच, हॉर्नला प्लस कायम आणि बटण अर्थ (मायनस, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडणी) देतं, तेही स्टिअरिंग कॉलममधून (चाकाखालच्या दांड्यातून). बटणाखालची काळी पडलेली पितळी पट्टी घासली, थोडा फरक पडला, पण चाक वळवलं की पुन्हा मुका!

आता चार पिनांचा रिले टाकावा म्हणतो: ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला हॉर्न, ८६ ला प्लस, ८५ बटणाकडे, हॉर्नची दुसरी तार बॉडीला. पण कॉलमचा अर्थच कच्चा असेल तर रिलेही दगा देईल ना? आधी कॉलमच्या रबर कपलिंगवरून (रबरी जोड, त्यातून करंट जात नाही) जंपर तार टाकू का? एअर हॉर्न कृपया सुचवू नका, मूळ आवाजच हवाय.