मदत हवी आहे: डॉक्टरांना पूरक-पर्यायी उपचारांबद्दल काय शिकवू?

टिंक्चर
गुरुवारी सेशन आहे, विषय एचओडींनी गळ्यात मारलाय. साठ स्लाइड तयार आहेत: त्रिदोष, होमिओपॅथीची तत्त्वं, युनानी, ॲक्युपंक्चर. पण अशा लेक्चरला अर्धे मोबाइलमध्ये असतात आणि उरलेले 'सगळं थोतांड' म्हणून भांडतात. तयार मटेरियल आहे का कुणाकडे? लवकर सांगा.

खलबत्ता
डॉक्टर म्हणजे कोण? इंटर्न, रेसिडेंट की सीएमईला (डॉक्टरांच्या चालू प्रशिक्षणाला) आलेले जीपी (जनरल प्रॅक्टिशनर)? किती जण, किती वेळ? सेशननंतर त्यांना काय करता आलं पाहिजे? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

माळरान
स्लाइड फेकून द्या. हिस्टरी (पेशंटला विचारून घ्यायची माहिती) घ्यायला शिकवा, बास. "औषध चालू आहे का?" असं विचारलं की पेशंट नाही म्हणतो, कारण काढा आणि चूर्ण त्याच्या लेखी औषध नसतंच. नावं घेऊन विचारायचं: काढा? पावडर? गुळवेल? वैद्यांकडचं काही? टीव्हीवर बघून मागवलेलं? गुडघेदुखीच्या पुड्या? मग किती, कधीपासून, कुठून. पुडी-बाटली पुढच्या खेपेला आणायला सांगायची.
लेबल नसलेल्या पुडीत स्टेरॉइड धरून चाला, आणि ती एकदम बंद करायला सांगू नका. महिनोन्महिने डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) पोटात गेलेला पेशंट पुडी थांबली की ॲड्रिनल क्रायसिसमध्ये (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड जीवघेणं कमी पडणं) येतो. बीपी पडलं असेल तर कॉर्टिसॉल (शरीराचं ते स्टेरॉइड) तपासायला रक्त काढून हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून लगेच, रिपोर्टची वाट बघायची नाही.

रसशाळा
म्हणजे फक्त धोकेच शिकवणार. २०२१ च्या नियमांत इंटर्नना आयुषची आठवडाभराची पोस्टिंग आहे, तिथे ओपीडीत नीट बसवा की. भगंदरावरच्या क्षारसूत्राची (क्षार लावलेला औषधी दोरा) आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बहुकेंद्री चाचणी घेतली, १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा वेळ जास्त, पण भगंदर उलटण्याचं प्रमाण कमी. हे कोण सांगणार?

खलबत्ता
क्षारसूत्र जरूर घ्या. पण मग शिसंही घ्या. बोस्टनमध्ये दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं (२००४). पोटात कळा, लोह देऊनही न चढणारं हिमोग्लोबिन, स्मिअरवर (काचपट्टीवरच्या रक्तात) बेसोफिलिक स्टिपलिंग (लाल पेशींत निळे ठिपके), एवढं दिसलं की भस्माबद्दल (धातू-खनिजं भाजून केलेलं औषध) विचारायचं. शिशासाठी होल ब्लड (पेशींसकट रक्त) पाठवा, सीरम (पेशी काढलेला द्रव) नाही. तिथेच घोळ होतो.

चावडी
आधी सीसीएमपी (आधुनिक औषधशास्त्राचा सर्टिफिकेट कोर्स) करून ॲलोपॅथी लिहिणाऱ्यांचं काय ते बोला!

रसशाळा
सीसीएमपी होमिओपॅथांसाठी आहे. वैद्यांना त्यात ओढू नका.

खलबत्ता
त्यासाठी वेगळा धागा काढा, दोघेही.

टिंक्चर
इंटर्न आहेत हो. १०० जण, दीड तास, गॅलरी हॉल. रोलप्ले सुचवू नका, शंभर जणांत कसला रोलप्ले!

नीरक्षीर
मग बाकवार केसेस. पाच जणांचा गट, जागेवरून उठायचं नाही. चार केसेस पुरतात:
फेनिटॉइनवर (फिट्सचं औषध) नीट असलेल्याला फिट्स परत सुरू (शंखपुष्पी सिरप, मुंबईत उंदरांवर तपासलं तेव्हा फेनिटॉइनची पातळी खाली आली होती).
डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि फ्युरोसेमाइडवर (लघवी वाढवणारं) असताना पोटॅशियम २.८ (ज्येष्ठमध).
डिल्टियाझेम (बीपीचं औषध) घेऊनही बीपी आटोक्यात नाही (गुग्गुळ, शोषण घटतं).
कावीळ, ऑटोइम्यून हेपटायटिससारखं (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो आजार) चित्र (गुळवेल).
कंसातलं केसच्या कागदावर छापायचं नाही. गटाने नेमका प्रश्न विचारला तरच तोंडी सांगायचं. कागदावर असलं की हिस्टरी कुणी घेत नाही, सगळे थेट मेकॅनिझमवर उडी मारतात.
शेवटची वीस मिनिटं एडीआर फॉर्म (औषधाच्या दुष्परिणामाची नोंद), बाकाला एक. उत्पादक आणि बॅच नंबरचे रकाने हमखास कोरे राहतात आणि रिपोर्ट वाया जातो. आयुष औषधांची नोंद त्यांच्या स्वतंत्र फार्माकोव्हिजिलन्स (औषधसुरक्षा देखरेख) कार्यक्रमात होते, त्याचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे.

रसशाळा
गुळवेलीच्या केसमध्ये प्रजाती लिहा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या मुंबईच्या २०२१ च्या अहवालावर आयुष मंत्रालयाचा आक्षेप तोच होता: कॉर्डिफोलिया (खरी गुळवेल) की क्रिस्पा (तिच्यासारखीच दिसणारी दुसरी प्रजाती), ते आधी ठरवा.

नीरक्षीर
पेशंट प्रजाती सांगत नाही. वेल कुंपणावरची होती एवढंच सांगतो. पण वाद म्हणून पाच मिनिटं द्या, इंटर्न जागे होतील.

हिरवीगार
अश्वगंधा रात्री दुधातून घ्यावी की सकाळी? थायरॉइडची गोळी चालू आहे.

माळरान
ताई, तूर्त घेऊ नका. अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरकं वाढल्याच्या नोंदी आहेत. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून डॉक्टरांना दाखवा. @टिंक्चर, ही घ्या पाचवी केस.

टिंक्चर
चारच घेतो. शंखपुष्पीच्या केसमध्ये फेनिटॉइनची लेव्हल काय देऊ?

नीरक्षीर
आधी १४, आता ६ मायक्रोग्रॅम प्रति मिली. रेंज १० ते २० छापा. आणि 'गोळ्या वेळेवर घेतो' ही ओळ विसरू नका, नाहीतर सगळे 'डोस चुकवला' म्हणून मोकळे होतील.