उत्तर: कोजागिरीच्या दुधाची यादी (झाला वॉरियर्सचा ड्राफ्ट)

फ्रीमाँटचे काका:
दुधाच्या यादीखाली कोणीतरी "वॉरियर्सचा सर्वोत्तम ड्राफ्ट करी, विषय संपला" असं लिहून गेलंय. (नवख्यांसाठी: वॉरियर्स म्हणजे आपला इथला एनबीए बास्केटबॉल संघ, करी म्हणजे त्याचा स्टार स्टीफन करी, आणि ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी संघांनी ठरलेल्या नंबराने नवे खेळाडू निवडणं.) संपला कसा? 2009 साली मिनेसोटाकडे पाचवा-सहावा असे लागोपाठ दोन नंबर होते. दोन्हींवर पॉइंट गार्डच, म्हणजे करीसारखे चेंडू खेळवणारेच घेतले, रुबियो आणि फ्लिन, आणि सातव्या नंबरला करी आपल्या पानात पडला. याला पारख म्हणायचं? माझं मत रॉबर्ट पॅरिश. 1976, आठवा नंबर.

सनीवेलची ताई:
काका, पॅरिश?! 1980 मध्ये आपणच त्याला बॉस्टनला देऊन टाकलं, वर तिसरा नंबरही दिला. त्यावर त्यांनी केविन मॅकहेल घेतला. आपल्याला मिळाला पहिला नंबर, म्हणजे जो बॅरी कॅरल, आणि तेरावा. पॅरिश तिकडे तीनदा अजिंक्य. झाड आपण लावलं, पेट्या बॉस्टनला.

काका:
झाड लावणाऱ्याचा काय दोष? सौदा करणाऱ्याला विचार.

सॅन होजेचा भाचा (इथेच जन्मलो, शुद्धलेखन चालवून घ्या):
काका, ताई, नंबर बघा ना. ड्रेमंड ग्रीन, 2012, पस्तिसावा! त्याच रात्री आपण सातवा बार्न्स घेतला, तिसावा एझेली, आणि मग हा. ना धड फॉरवर्ड, ना धड सेंटर (बास्केटखालचा सगळ्यात उंच माणूस), असं म्हणायचे. 2015 च्या फायनलमध्ये 1-2 ने मागे पडल्यावर आपल्या सेंटरला, बोगटला, बसवून याच साडेसहा फुटी माणसाला सेंटरला उभं केलं आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. 2017 चा सर्वोत्तम बचावपटूही तोच. सातव्या नंबरला चांगला खेळाडू मिळायलाच हवा. पस्तिसाव्याला कोण अपेक्षा ठेवतं?

ताई:
हे पटलं. पण ड्राफ्ट म्हणजे नुसतं उचलणं नाही, सांभाळणंही आलं. करीचा घोटा सारखा दुखावायचा, तेव्हा 2012 च्या मार्चमध्ये त्याला ठेवून मोंटा एलिसला विकलं. एलिसही आपलाच, 2005 चा चाळिसावा, शाळेतून थेट आलेला, सगळ्यांचा लाडका. काही दिवसांनी ओकलंडला आपला जुना खेळाडू ख्रिस मलिन याची जर्सी निवृत्त करण्याचा समारंभ होता. मालक जो लेकब बोलायला उभे राहिले आणि लोकांनी अशी हुर्यो उडवली की त्यांना बोलता येईना. त्या हुर्योत मीही होते. बदल्यात आलेला बोगट जायबंदी होता, म्हणून डोकं फिरलं होतं. तीन वर्षांनी त्याच करीने अजिंक्यपद आणलं, तेव्हा मुकाट्याने पेढे वाटले.

भाचा:
म्हणजे ताई, तुझं मत करीला की लेकबना? 😀

यादी सांभाळणारी:
मंडळी, ही यादी दुधाची आहे. किती माणसं, एवढंच लिहा. चारोळी कोण आणतंय ते अजून ठरलेलं नाही.

काका:
आम्ही चौघं. चारोळी माझ्याकडे. फक्त तिथे 1996 चा विषय कोणी काढू नका. अकराव्या नंबरला आपण टॉड फुलर घेतला. मागून तेरावा कोबी ब्रायंट, पंधरावा स्टीव्ह नॅश, दोघेही पुढे दिग्गज. दूध घशाखाली उतरणार नाही.