मदत हवी आहे: ‘टू’ लावू की ‘इंग’? दर वेळी छापा-काटा करून थकलो

पऱ्हाटी:
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहितो. दिवसा वावर, संध्याकाळी अभ्यासिका. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलची (केंद्र सरकारच्या नोकरभरतीची परीक्षा) तयारी चालू आहे. पहिल्या टप्प्यात २०० पैकी ५० गुण इंग्रजीचे, आणि चुकलं की अर्धा गुण कापतात. बाकी कसंबसं जमते, पण एका क्रियापदापुढे दुसरं आलं की गाडी फसते.

याद्या पाठ केल्या. ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड’ यांच्यापुढे ‘इंग’. ‘वाँट, डिसाइड, होप, रिफ्यूज’ यांच्यापुढे ‘टू’. चार दिवसांत सगळं डोक्यातून गळालं. परवा सराव पेपरात वाक्य होतं: बाजाराच्या वाटेवर ‘ही स्टॉप्ड ___ टी’. ‘स्टॉप’ इंगवाल्या यादीत आहे म्हणून मी ‘ड्रिंकिंग’ टाकलं. उत्तर निघालं ‘टू ड्रिंक’. मग यादी खोटी की उत्तर खोटं? कोणी समजावून सांगा, पण पुन्हा नवी यादी नका देऊ.

रातकिडा:
भाऊ, कानाले बरं वाटते ते ठोकायचं. मी तसंच करतो.

रिटायर मास्तर:
कानाला बरं वाटायला आधी तितकं इंग्रजी कानावर पडावं लागते, बाबू. आपल्या कानावर पडते ती वऱ्हाडी, तर तिलाच कामाला लावू.

‘तो चहा प्याले थांबला.’ ‘त्यानं चहा पेणं सोडलं.’ या दोन वाक्यांत तुझी कधी गफलत होईल का? पहिल्यात ‘प्याले’ म्हणजे कशासाठी थांबला ते. तिथं इंग्रजीत ‘टू ड्रिंक’. दुसऱ्यात ‘पेणं’ हे त्या कामाचं नाव आहे, आणि तेच बंद झालं. तिथं ‘ड्रिंकिंग’. म्हणजे यादीही खरी, उत्तरही खरं. ‘स्टॉप’चं कर्म ‘इंग’वालंच असते, ‘टू’ तिथं फक्त उद्देश सांगतो. बाजाराच्या वाटेवर कोणी चहा कायमचा सोडत नाही.

आता ‘रिमेंबर’ पाहा. वावरातल्या मोटारीला रात्रीची लाईन (वीज) असते, तेव्हा बाप काय म्हणतो? ‘मोटार बंद कराची आठवण ठेव.’ काम अजून व्हायचं आहे: ‘रिमेंबर टू स्विच ऑफ’. अंथरुणावर पडल्यावर शंका येते, तेव्हा तू म्हणतोस, ‘बंद केल्याचं आठवते.’ काम झालं: ‘आय रिमेंबर स्विचिंग ऑफ’. आपल्याकडे ‘कराची’ आणि ‘केल्याचं’ यात जो फरक, तोच हा. ‘फरगेट’चंही तसंच, फक्त ‘इंग’वालं ‘फरगेट’ बहुतेक ‘कधीच विसरणार नाही’ अशा वाक्यात दिसते.

पऱ्हाटी:
सर, मोटारीचं लगेच डोक्यात बसलं. पण मग ‘मले पोहाले आवडते’ यातही ‘-ाले’ आहे. तर ‘एन्जॉय टू स्विम’ म्हणू का?

रिटायर मास्तर:
नाही. वऱ्हाडीची शिडी इथपर्यंतच पुरते. ‘लाइक’ला दोन्ही चालतात, ‘एन्जॉय’ला फक्त ‘स्विमिंग’. ढोबळमानाने ‘टू’ पुढे पाहते: इच्छा, आशा, ठरवणं, वचन. ‘इंग’ चालू असलेल्या किंवा झालेल्या कामाकडे पाहते: मजा घेणं, संपवणं, कबूल करणं. पण ‘सजेस्ट’ पाहा. सुचवलेलं काम तर पुढेच व्हायचं असते, तरी ‘सजेस्टेड गोइंग’. आपली पोरं ‘जायला सुचवलं’ म्हणतात आणि ‘सजेस्टेड टू गो’ लिहून मोकळी होतात. अशी नाठाळ क्रियापदं वाक्यासकट पाठ करायची, यादीत नाही.

खामगावची:
दादा, एक फसवा ‘टू’ राहिला. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला. त्याच्यापुढे ‘सीइंग’ येते, ‘सी’ नाही. ओळखायचं असं: ‘टू’पुढे नुसतं नाम ठेवून पाहायचं. ‘लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ जमते ना? मग क्रियापदाला ‘इंग’. ‘वाँट टू दिवाळी’ जमत नाही, तिथं मूळ क्रियापद.

आणि ‘यूज्ड टू’चे दोन प्रकार. ‘मी पहाटे उठायचो’ म्हणजे ‘आय यूज्ड टू गेट अप’. ‘मला उठायची सवय आहे’ म्हणजे ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप’. ‘ॲम’ दिसला की सावध. मी यात दोनदा मार्क घालवले आहेत.

पऱ्हाटी:
ताई, सर, तीन वाक्यं केली, तपासून द्या.
‘आय फरगॉट टू ब्रिंग यूरिया.’
‘माय फादर स्टॉप्ड ग्रोइंग कॉटन.’ (खरंच, यंदा सगळं सोयाबीन.)
‘आय ॲम यूज्ड टू वेक अप ॲट टू फॉर द मोटर.’

रिटायर मास्तर:
पहिली दोन पक्की. तिसऱ्यात ‘ॲम’ आहे, ताईनं आत्ताच सांगितलं. ‘वेकिंग अप’ कर.