‘कूटचलन’, ‘वॉलेट’, ‘माइनिंग’ : नवख्या माणसाने या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. आज एक प्रश्न घरातूनच आलाय.

भावजींना जाऊन चार महिने झाले. ताई त्यांचं कपाट आवरत होती. जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर तिला चोवीस इंग्रजी शब्द दिसले, एकाखाली एक, आकडे घालून लिहिलेले. ओशन, लॅडर, गार्लिक असले साधेसुधे. तिला वाटलं, नातवाचं डिक्टेशन. डायरी रद्दीच्या गठ्ठ्यात गेली, गठ्ठा सुतळीने बांधलासुद्धा. मग तिला आठवलं की पानाच्या डोक्यावर भावजींनी ‘वॉलेट’ असं लिहिलं होतं. तिने कपाटातलं त्यांचं चामड्याचं पाकीट तीनदा उघडून पाहिलं. आत लोकलचा पास, दीडशे रुपये आणि गजानन महाराजांचा फोटो. शेवटी मला फोन आला, कारण शब्दाचं काही अडलं की घरात मलाच विचारायची पद्धत आहे.

ते चोवीस शब्द म्हणजे भावजींच्या क्रिप्टोची, म्हणजे बिटकॉइनसारख्या फक्त संगणकावर असणाऱ्या नाण्यांची, किल्ली होती. गठ्ठा सोडवला, पान मिळालं. पण तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळतंय. या क्षेत्रात नवा माणूस हिशेबाच्या आधी शब्दालाच फसतो. वॉलेट म्हटलं की त्याला पाकीट दिसतं, चलन म्हटलं की नोट दिसते, माइनिंग म्हटलं की खाण दिसते, आणि ओळखीच्या वस्तूला मिळणारी सुरक्षितता तो आपोआप या नव्या वस्तूलाही देऊन टाकतो. म्हणून हे शब्द एकेक करून तपासूया. सुरुवात ‘कूटचलन’पासून.

एक वाचक, सांगली

क्रिप्टोकरन्सीला वर्तमानपत्रांत ‘कूटचलन’ वाचलंय. कूटप्रश्न, कूटलिपी यांतलं कूट, म्हणजे गूढ. मला तर चपखल वाटतो. तुमची हरकत कशाला?

धागाकर्ती

सांगलीकर, ‘कूट’चा गूढ हा अर्थ आहेच. कूटलेखनाचं गणित या नाण्यांच्या मुळाशी आहे, त्या अंगाने शब्द बरोबर आहे. पण संस्कृतात कूट म्हणजे खोटंही. कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोटी नाणी पाडणाऱ्याला शब्दच ‘कूटरूपकारक’ असा आहे. म्हणजे जुन्या कानाला ‘कूटचलन’ हे ‘खोटं नाणं’ असं ऐकू येईल. बिटकॉइन खोटं नाही. त्याची नक्कल करता येत नाही, हाच तर त्याच्या रचनेचा गाभा आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी जो आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात सोडवलेला मुख्य प्रश्न हाच होता की तेच नाणं दोघांना दोनदा खर्चता येऊ नये, आणि त्यासाठी मधे बँक लागू नये.

माझी खरी हरकत पुढच्या अर्ध्या शब्दाला आहे. चलन म्हणजे जे चालतं ते. कोपऱ्यावरचा भाजीवाला घेतो, वीजबिलाला चालतं, आणि नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं वचन सहीनिशी छापलेलं असतं. बिटकॉइनमागे असं वचन देणारं कुणीच नाही. भाव पडला तर दाद मागायला दार नाही. ‘चलन’ हा शब्द नवख्याला ते दार आहे असं भासवतो.

बँकेतून निवृत्त सदस्य

धागाकर्ती म्हणतात त्याला कायद्याचाही आधार आहे. २०२२ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात जी व्याख्या घातली ती ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी आहे. मालमत्ता, चलन नव्हे. आपलं डिजिटल चलन वेगळं, तो ई-रुपया. तो रिझर्व्ह बँकच काढते आणि किरकोळ वापरासाठी त्याची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. लोक दोन्ही एकाच पिशवीत घालतात.

दुसरा गोंधळ ‘कायदेशीर’ या शब्दाचा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. त्यानंतर कर आला. त्यावरून काहींनी ‘सरकारने मान्यता दिली’ असा अर्थ काढला. बंदी नसणं वेगळं आणि सरकार पाठीशी असणं वेगळं.

कराचंही नीट ऐका. नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. शिवाय ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस. आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट म्हणजे तोटा वजा होत नाही. एका नाण्यात पन्नास हजार कमावले, दुसऱ्यात पन्नास हजार घालवले, हातात शून्य. तरी पहिल्या पन्नास हजारांवर १५,६०० रुपये भरायचे. शेअरवाल्यांना हे पहिल्या वर्षी खरं वाटत नाही.

धागाकर्ती

‘आभासी’बद्दल दोन शब्द बोलते. आभास म्हणजे जे नाही पण आहेसं वाटतं ते, जसं हेत्वाभास, रसाभास. कायद्यात शब्द रुळला आहे, तो आता बदलायचा नाही. पण बोलताना मी ‘क्रिप्टो’च म्हणते. ‘आभासी पैसे’ म्हटलं की गमावलेली रक्कमही आभासी वाटायला लागते, आणि ती तर पगारातून गेलेली असते.

एक वाचक, डोंबिवली

मग वॉलेटला मराठीत काय म्हणायचं? पाकीट, बटवा, तिजोरी?

धागाकर्ती

तिन्ही नकोत. तिन्हींच्या आत वस्तू असते. वॉलेटमध्ये नाणं नसतंच. नाण्याची नोंद असते एका जाहीर खातेवहीत, जिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर आहेत. तिलाच ब्लॉकचेन म्हणतात. वॉलेटमध्ये असते ती नोंद हलवण्याची किल्ली. मी ‘जुडगा’ म्हणेन. जुडगा हरवला तरी घर जागेवरच असतं, फक्त तुम्ही बाहेर. आणि त्याची नक्कल दुसऱ्याकडे गेली, तर तुम्ही घरात असताना घर रिकामं होतं.

आता ते चोवीस शब्द. मोबाइल बिघडला, ॲप उडालं, तरी या शब्दांवरून सगळ्या किल्ल्या नव्याने घडवता येतात. शब्द बहुधा बारा असतात किंवा चोवीस, आणि ते २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. इंग्रजीसोबत जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, चेक अशा भाषांच्या याद्या आहेत. भारतातल्या एकाही भाषेची अधिकृत यादी त्यांत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ताईला मराठीत ‘समुद्र, शिडी, लसूण’ असं दिसलं असतं, तर निदान हे डिक्टेशन नव्हे एवढं तरी तिला कळलं असतं.

त्या इंग्रजी यादीची एक सोय मात्र सांगण्यासारखी आहे. पहिली चार अक्षरं कुठल्याही दोन शब्दांची सारखी नाहीत. भावजींच्या पानावर एका शब्दाची शेपटी पाण्याने फिसकटली होती. जी-ए-आर-एल एवढंच उरलं होतं. यादीत तशी सुरुवात फक्त ‘गार्लिक’ची. ताईचा मुलगा आणि मी टेबलावर पान ठेवून, दिव्याखाली धरून एकेक शब्द यादीशी ताडत होतो. चार अक्षरांवर काम निभावलं. तीनच उरली असती तर ‘गराज’, ‘गार्बेज’, ‘गार्डन’, ‘गार्लिक’ की ‘गार्मेंट’ अशी पाच शब्दांची खटपट करावी लागली असती.

सांगली

या शब्दांना ‘बीजशब्द’ म्हणूया का? इंग्रजीतही बी हाच अर्थ आहे.

धागाकर्ती

‘बीजमंत्र’ म्हणूया. बीज तर येतंच, पण मंत्र म्हटला की तो गुरूने कानात सांगायचा आणि आपण कुणाला सांगायचा नाही, हे आपल्याकडे आजीलाही समजावावं लागत नाही. ‘तुमच्या खात्यात अडचण आहे, बारा शब्द टाइप करा’ असं सांगणारा फोन येतो, ईमेल येतो, हुबेहूब दिसणारी वेबसाइट येते. खरी कंपनी ते शब्द कधीच मागत नाही. मागणारा चोर, यात एकही अपवाद मी पाहिलेला नाही. ‘बीजमंत्र सांगा’ असं मराठीत कुणी विचारलं, तर आपल्या माणसाच्या भुवया आपोआप वर जातील.

एकच फरक ध्यानात ठेवायचा. मंत्र पाठ करतात, हा मात्र कागदावर लिहायचा. फोनमध्ये फोटो काढून ठेवायचा नाही, कारण तो फोटो आपसूक कुठल्या तरी क्लाउडवर चढतो. (हो, ताईने मला फोटोच पाठवला होता. त्याच रात्री तिच्या मुलाने नवा जुडगा करून सगळं तिकडे हलवलं.)

निवृत्त सदस्य

इथे हुंडी आठवली. आमच्या आजोबांच्या पेढीवर हुंडीचा, म्हणजे परगावी पैसे चुकते करण्याच्या चिठ्ठीचा, व्यवहार होता. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिच्याबद्दल दुसरी लिहून देत, तिला ‘पेठ’ म्हणत. पेठही हरवली तर ‘परपेठ’. म्हणजे माणूस चुकणार, टपाल चुकणार, हे धरूनच ती व्यवस्था बांधली होती. हुंडी ‘शहाजोग’ असली तर पत असलेल्या माणसाच्या हातीच पैसे पडत. क्रिप्टोत पेठ नाही, परपेठ नाही, आणि पैसे घेणारा शहाजोग आहे का हे कुणी बघत नाही.

धागाकर्ती

वा, हेच हवं होतं. ‘या वस्तूला पेठ नाही’, हे वाक्य मी आता जिथे तिथे वापरणार.

पत्त्यालाही तेच लागू आहे. नाणी ज्या ‘ॲड्रेस’वर पाठवायची तो अक्षर-आकड्यांचा लांबलचक ओघ असतो. चुकीच्या पत्त्यावर गेलं की पोस्टातून परत येत नाही. हल्ली एक नवी चाल निघाली आहे. तुमच्या नेहमीच्या पत्त्याची पहिली आणि शेवटची चार-पाच अक्षरं जुळतील असा पत्ता चोर बनवतात आणि त्यावरून तुम्हाला शून्य किंवा नगण्य रक्कम पाठवतात. पुढच्या वेळी तुम्ही जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलता आणि पैसे त्याच्याकडे जातात. मधली अक्षरंही वाचा, आणि मोठी रक्कम असेल तर आधी चिमूटभर पाठवून पाहा.

डोंबिवली

माझी नाणी एक्सचेंजवर, म्हणजे खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे आहेत, ॲपमध्ये शिल्लक दिसते. मग जुडग्याची भानगडच नको ना?

धागाकर्ती

मग जुडगा त्यांच्याकडे आहे. तुम्हाला जी शिल्लक दिसते तिला जमाखर्चाच्या मराठीत ‘येणं’ म्हणतात. ‘माझ्याकडे आहे’ आणि ‘माझं येणं आहे’ यांतला फरक आपल्या वाण्याला पिढ्यान्‌पिढ्या कळतो. बँकेतल्या ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विमा असतो, या येण्याला नाही. टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्सचेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडालं आणि ग्राहकांना नाणी परत मिळायला सुरुवात झाली जुलै २०२४ मध्ये. त्याच महिन्यात आपल्याकडे वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि लोकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. ॲपवर आकडा दिसत होता, काढता येत नव्हता. नेहमीच्या खरेदी-विक्रीपुरतं एक्सचेंजवर ठेवणं मी समजू शकते. आयुष्याची पुंजी तिथे ‘येणं’ म्हणून ठेवू नका.

एक वाचक, पुणे

माइनिंगवर बोला. आमच्या ओळखीत ‘खाणीत पैसे लावा’ या एका शब्दावर चार घरं बसली.

धागाकर्ती

पुण्याला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत बिटकॉइन गुंतवा, आम्ही माइनिंग करून १८ महिने दरमहा १० टक्के देऊ, असं आश्वासन होतं. सूत्रधार असल्याचा आरोप असलेल्याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. पुढे तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये अटक झाली, आरोप असा की जप्तीतली क्रिप्टो त्यांनी वळवली.

‘खाण’ म्हटलं की जमिनीखाली माल आहे आणि खणेल त्याला मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात ही आकडा जुळवण्याची शर्यत आहे. जगभरची यंत्रं धडधडत अंदाज बांधतात, साधारण दर दहा मिनिटांनी कुणा एकाचा आकडा लागतो, आणि त्यालाच खातेवहीचं नवं पान लिहायचा मान आणि नवी नाणी मिळतात. एप्रिल २०२४ पासून ती ३.१२५ बिटकॉइन आहेत. दर चारेक वर्षांनी निम्मी होतात. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत. जिथे मिळकतच शर्यतीवर आणि वीजबिलावर ठरते, तिथे दरमहा ठरलेले १० टक्के कुठून येणार? ते मागून येणाऱ्याच्या खिशातून येतात. मी तरी माइनिंगच म्हणते, ‘खाण’ नाही.

एक वाचक, नागपूर

‘गॅस फी’ला काय म्हणता?

धागाकर्ती

हमाली. नाणी हलवल्याची नोंद खातेवहीत करून घेण्याचं हे शुल्क. माल कितीही असो, उचलणाऱ्याला द्यावीच लागते, गर्दीच्या वेळी जास्त. इथरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवर ती तिथल्या नाण्यात, इथरमध्येच द्यायची, त्यामुळे खात्यात नुसते डॉलरशी भाव बांधलेले टोकन (तिथलंच दुसरं नाणं) असले आणि इथर नसलं, तर माल जागचा हलत नाही.

डोंबिवली

डॉलरशी बांधलेलं म्हणजे स्टेबलकॉइन. ते तरी सुरक्षित ना? नावच ‘स्थिर’ आहे.

धागाकर्ती

नाव हे आश्वासन आहे, गुण नव्हे. टेरा या क्रिप्टो प्रकल्पाचं ‘स्थिर’ नाणं मे २०२२ मध्ये काही दिवसांत कोसळलं. कशाच्या तारणावर बांधलंय, हे आधी विचारायचं.

त्यातच एक गोष्ट घरची सांगते. माझ्या भाच्याने थोडी टोकनं अनोळखी माणसाला थेट विकली, पैसे खात्यात आले. तीन आठवड्यांनी खातं गोठलं. आलेले पैसे दुसऱ्या राज्यात कुणाला तरी फसवून मिळवलेले होते. पोरगा निर्दोष, पण पगार अडकला, घराचा हप्ता चुकला, आणि दोन महिने तो परराज्यातल्या पोलीस ठाण्याला कागद पाठवत राहिला. ‘पी-टू-पी’ला मराठीत ‘हातोहात’ म्हणतात खरं, पण समोरच्याच्या हाताला काय लागलंय ते तुम्हाला दिसत नाही. आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. ‘फी भरा, गेलेली क्रिप्टो परत आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, तो दुसरा चोर.

सांगली

ताईंच्या त्या पानाचं पुढे काय झालं?

धागाकर्ती

रक्कम फार मोठी नव्हती, पण भावजींनी पाच वर्षं महिन्याला थोडं थोडं करून जमवलेली होती. नव्या जुडग्याचे नवे चोवीस शब्द मुलाने दोन कागदांवर लिहिले. एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक घरी, लग्नाच्या शालूच्या घडीत. लिफाफ्यावर काय लिहायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. ‘वॉलेट’ नको हे ताईने आधीच सांगितलं. शेवटी तिने स्वतःच पेन घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं : ‘यांच्या किल्ल्या. हरवल्या तर पेठ नाही. कुणाला वाचून दाखवू नये.’