जँगो टेम्प्लेट: दर दिवसाची पहिली ओळ पांढरीच हवी, सायकल टॅग मधूनच सुरू होतोय

राजवाडा_कट्टा (इंदूर):
आमच्या इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांचं पान जँगोमध्ये (पायथॉनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) करतोय. बाहेरचा फॉर लूप दिवसांचा, आतला त्या दिवसाच्या कार्यक्रमांचा, आणि आतल्या प्रत्येक ओळीला सायकल टॅगने पांढरा नि केशरी असे दोन क्लास आलटून पालटून देतोय. पहिल्या दिवशी स्थापना, अथर्वशीर्ष, आरती, तिथवर मस्त दिसतं, पण दुसरा दिवस एकदम केशरीनेच सुरू होतो. वडीलधारी मंडळी मोबाईलवर बघणार, दिवस कुठे बदलला ते त्यांना चटकन दिसलं पाहिजे. काय करू?

टेम्प्लेटवाला:
आतला लूप संपला हे सायकलला कळतच नाही, आख्खं पान रेंडर होईस्तोवर तो आपली जागा धरून असतो. पहिल्या दिवशी पांढरा, केशरी, पांढरा झालं, मग पुढची ओळ केशरीच येणार ना. आतला लूप जिथे संपतो त्या एंडफॉरच्या लगेच खाली रिसेटसायकल टाक, म्हणजे रंग परत पहिल्यापासून सुरू होतात; हा टॅग जँगो 1.11 पासून आहे. सायकलच्या वरती मात्र लिहू नकोस, तोवर टेम्प्लेटमध्ये एकही सायकल आलेली नसते त्यामुळे सरळ एरर येते. आणि पानावर अजून एखादी सायकल असेल तर ॲज लावून नाव दे आणि त्या नावानेच रिसेट कर, नाव नसलं की त्याच्या आधी जी शेवटची सायकल लिहिलीय तीच रिसेट होते.

सयाजीगंज_कोडर:
नुसता रंगच बदलायचाय तर मी हे सीएसएसवर (पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) सोडेन. प्रत्येक दिवसाला वेगळा टीबॉडी (टेबलमधला ओळींचा गट) दे आणि टीआरला (टेबलची ओळ) एनटीएच-चाइल्ड ऑड लाव, म्हणजे एकाआड एक ओळ रंगते, मोजणी दर टीबॉडीत नव्याने सुरू होते. दिवसाचं नाव त्याच टीबॉडीत टीआर म्हणून असेल तर तेही मोजलं जातं, तेवढं बघ.

राजवाडा_कट्टा (इंदूर):
दिवसाचं नाव त्यातच आहे, म्हणून रिसेटसायकल टाकलं, झालं! धन्यवाद दादा. एक अजून, रद्द झालेले कार्यक्रम इफ लावून लपवतोय, त्याने रंग बिघडतील का? त्यापेक्षा फॉरलूप काउंटरला (लूपची कितवी फेरी ते सांगणारा आकडा) दोनने भाग जातो का बघून रंग दिला तर?

टेम्प्लेटवाला:
नको, काउंटर लपवलेली ओळपण मोजतो, मग मधला कार्यक्रम गेला की एकाच रंगाच्या दोन ओळी शेजारी येतात. सायकल इफच्या आत असू दे, ओळ खरंच छापली गेली तरच तो पुढे सरकतो. जिंजा या दुसऱ्या टेम्प्लेट इंजिनमधला लूप डॉट सायकल मात्र इंडेक्सवर (लूपच्या फेरीच्या क्रमांकावर) चालतो, तिकडे गेलास तर यादी आधीच गाळून दे.